शंभरातले अठ्ठ्याण्णव

नारायणगावात वाव्हळ सरांच्या ऑफिसात नूतन सहा वर्षं हिशेब तपासत होती. टोमॅटोचे व्यापारी, दोन पतसंस्था, एक पेट्रोल पंप, आणि मार्च आला की पंचक्रोशीतले सगळेच. ती पिंपरी पेंढारची, घरची द्राक्षबाग, त्यामुळे बिलं-पावत्या तिनं शाळेत जायच्या आधीपासून बघितलेल्या. डिसेंबरात सरांनी एक जाड फाईल तिच्या टेबलावर ठेवली आणि हे काम जरा वेगळं आहे म्हणाले, तेव्हा तिला बरंच वाटलं. पतसंस्थेच्या थकबाकीदारांच्या याद्यांना ती कंटाळली होती.

काम असं होतं. चाकणच्या एका कंपनीनं आंबेगावच्या डोंगरात काम करणाऱ्या 'डोंगरओंजळ' नावाच्या संस्थेला वर्षापूर्वी एकोणीस लाख रुपये दिले होते. डोंगरातल्या बायका वरई उखळात सडतात, म्हणजे कांडून तिचं टरफल काढतात. दिवसभर मुसळ चालवावं तेव्हा चार-पाच किलो निघते, म्हणून बहुतेक जणी न सडताच पडेल भावात विकून टाकतात. तीच वरई सडून भगर म्हणून विकली तर दुप्पट पैसे येतात. संस्थेनं त्या पैशातून सात वाड्यांत वरई सडायची सात यंत्रं बसवली होती. आता कंपनीला आणखी अकरा लाख द्यायचे होते आणि सव्वीस जानेवारीला संस्थेच्या प्रमुखांचा सत्कारही करायचा होता. त्याआधी बाहेरच्या कुणीतरी संस्था तपासून द्यावी, एवढंच मागणं.

कंपनीला ही संस्था एका गोष्टीसाठी फार आवडली होती. तिचा कार्यालयीन खर्च होता फक्त दोन टक्के. घोडेगावला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत संस्थेची एक खोली होती. तिच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटीच लावलेली : 'तुमच्या शंभरातले अठ्ठ्याण्णव रुपये थेट डोंगरात.'

संस्थेचे प्रमुख हौशीराम गुरुजी. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले, पासष्टीचे, स्वच्छ पांढरा सदरा. नूतन पोचली तेव्हा त्यांनी स्वतः चहा केला आणि कपही स्वतःच विसळले. शिपाई ठेवलेला नाही, असं थोड्या अभिमानानंच सांगितलं. मग फायली पुढ्यात ठेवल्या. नूतननं आजवर इतक्या देखण्या फायली पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक पावतीला नंबर, प्रत्येक नंबराला सही, प्रत्येक सहीखाली तारीख, आणि सगळं शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात.

तिनं आकडे मांडले. यंत्रं तेरा लाख तीस हजार. शेड आणि वीजजोडणी चार लाख चौसष्ट हजार आठशे. बायकांच्या चौदा प्रशिक्षणांची जेवणं सदुसष्ट हजार दोनशे. कार्यालयीन खर्च अडतीस हजार. बेरीज बरोबर एकोणीस लाख. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही.

तिला खटकलं ते हेच. तिच्या अनुभवात खऱ्या माणसाचा हिशेब कुठंतरी सात रुपयांनी चुकतोच.

तिनं कार्यालयीन खर्चातला डिझेलचा आकडा शोधला. वर्षाला अकरा हजार. सात वाड्यांपैकी दोन पार आहुप्याच्या बाजूला, घाट चढून. तिच्या वडिलांचा पिकअप रोज नारायणगावच्या मार्केटला जायचा. अकरा हजारांचं डिझेल किती दिवस पुरतं हे तिला कॅल्क्युलेटरशिवाय कळत होतं. मग तिनं जेवणाची बिलं काढली. चाळीस बायका, एकशेवीस रुपये ताट, असं एकेका प्रशिक्षणाचं अठ्ठेचाळीसशे. प्रशिक्षणं आठ महिन्यांत पसरलेली, पण एकाच खानावळीची बिलं, आणि त्यांचे नंबर दोनशे अकरा ते दोनशे चोवीस, ओळीनं. आठ महिन्यांत त्या खानावळीत या चौदा वेळांखेरीज कुणीच जेवलं नव्हतं म्हणायचं.

तिनं गुरुजींना काही विचारलं नाही. उद्या वाड्या बघायला जाते, पण तुम्ही बरोबर येऊ नका, तसा नियम आहे, एवढं सांगितलं. गुरुजींनी मान डोलावली. त्यांचा दुसऱ्या चहाचा कप टेबलावर तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ जीप घेऊन आला. गेणभाऊ निरगुडसरचा, पंचेचाळीशीचा, ऊस आणि चार म्हशी असलेला बागायतदार. गुरुजींनी त्याला चौथीत शिकवलं होतं. त्या एका नात्यावर तो स्वतःची जीप घेऊन संस्थेसाठी डोंगर हिंडायचा, पगार न घेता. डिंभे ओलांडून धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता वळणं घेत निघाला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कुठल्या वाडीला तांदूळ चांगला, कुठल्या सरपंचाचं कुणाशी पटत नाही, सगळं. फक्त नूतननं डिझेलला पैसे कुठून येतात असं विचारलं की तो बिबट्यावर यायचा.

"परवा आमच्या उसात दोन पिल्लं सापडली मॅडम. मांजरावानी."

तिनं तीनदा विचारलं. तीनदा बिबट्या आला.

दुपारपर्यंत त्यांनी चार वाड्या पाहिल्या. तीन ठिकाणी यंत्रं चालू होती, एका ठिकाणी बंद. पण बंद यंत्राशेजारी भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं : 'बेरिंग गेलं. पुण्याहून मागवलं. येईल तेव्हा बसवते. वृषाली.' नूतननं आजवर बऱ्याच सरकारी आणि खासगी योजना कागदावर पाहिल्या होत्या. बंद पडलेल्या यंत्राचा खुलासा भिंतीवर लिहिलेला तिनं प्रथमच वाचला.

पाचवी वाडी जांभळवाडी, पंधरा-वीस घरांची. इथल्या बचत गटाची अध्यक्ष लंकाबाई. साठीला टेकलेली, अंगानं काटक, बोलणं तुटक. शेडमध्ये यंत्र धडधडत होतं, आठ-दहा बायका पोती घेऊन बसल्या होत्या. नूतननं सगळ्यांना बसवून विचारपूस केली. यंत्र कधी आलं, कोण चालवतं, किती वरई सडली, किती विकली. उत्तरं पटापट आली आणि कागदाशी जुळली. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की प्रशिक्षणाला जेवणात काय असायचं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रयागबाई नावाच्या म्हातारीनं सांगितलं की जेवण कसलं, भाकऱ्या आपापल्या घरनं नेल्या होत्या, गुरुजींनी एकदा शेवेचा पुडा आणला होता.

नूतननं ते वहीत लिहून घेतलं. तपासणीत असं काही निघालं की ते वहीत लिहायचं, समोर बोलायचं नाही, हा शिरस्ता. पण लंकाबाई तिच्या चेहऱ्याकडेच बघत होती. तिनं विचारलं, कागदावर काय लिवलंय?

नूतननं क्षणभर विचार केला. ज्यांच्या नावानं पैसा आला त्यांनीच विचारलं तर कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं, हे तिला सुचेना. तिनं फाईल उघडून वाचलं. दिनांक अमुक, जांभळवाडी, चाळीस महिला, जेवण, अठ्ठेचाळीसशे रुपये. खाली हजेरीच्या सह्या.

लंकाबाईनं सह्या पाहिल्या. त्या खऱ्याच होत्या. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"आमच्या नावावर कोन जेवलं?"

मग दारात उभ्या गेणभाऊनं डोक्यावरची टोपी काढली. तो आत येऊन पोत्यावर बसला आणि म्हणाला, "लंकामावशी, तुझी सून जेवली."

शेडमध्ये यंत्र चालवणारी मुलगी थबकली. तिनं बटण दाबून यंत्र बंद केलं. तीच वृषाली. घोडेगावच्या आयटीआयमधून फिटर झालेली, दोन वर्षांपूर्वी लंकाबाईच्या घरात सून म्हणून आलेली. सातही यंत्रं तीच बघायची. पट्टा तुटला, मोटार जळली, चाळणी फाटली की तिला फोन यायचा आणि गेणभाऊ तिला जीपमधून घेऊन जायचा. त्याबद्दल तिला महिन्याला चार हजार मिळत होते. ते कंपनीकडून येतात असं गुरुजींनी तिला सांगितलं होतं.

गेणभाऊनं मग सगळंच सांगितलं. महिना चार हजारांप्रमाणे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार वृषालीचे आणि उरलेले एकोणीस हजार दोनशे डिझेलचे. गुरुजींनी कंपनीला पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा त्यात मेकॅनिकचा पगार मागितला होता. कंपनीच्या माणसांनी तो खोडला. यंत्रं देऊ, शेड देऊ, पण पगाराला पैसे दिले की देणगीदारांना बरं दिसत नाही, असं म्हणाले. जेवण चालेल का, तर चालेल. मग गुरुजींनी जेवण लिहिलं.

"येक रुपाया घरी न्हेला न्हाई त्यांनी. डिझेलचंबी निम्मंच व्हतं, बाकीचं मी घालतो. पर त्ये सांगायचं न्हाई असं ठरलं व्हतं, म्हनून बिबट्या." शेवटचं वाक्य त्यानं नूतनकडे न बघता म्हटलं.

नूतनला वाटलं होतं की आता बायका हसतील किंवा सुटकेचा श्वास टाकतील. तसं झालं नाही. वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण सासूच्या मैत्रिणींच्या ताटातलं खाल्लं असं तिला वाटत होतं. आणि लंकाबाई अजून रागातच होती. गुरुजी चोर नाहीत हे तिला मान्य होतं, पण आपल्याला न विचारता आपल्या नावावर खोटं लिहिलं हे तिला पटत नव्हतं. गुरुजींनी इथं यावं आणि सगळा हिशेब सगळ्यांपुढं वाचावा, असं तिनं गेणभाऊला बजावून सांगितलं. नूतननंही यावं.

गुरुजी पुढच्या गुरुवारी आले. शेडसमोरच्या अंगणात सतरंजी घातली होती. सातही वाड्यांतून मिळून तीसेक बायका जमल्या. गुरुजींनी चष्मा लावला आणि एकोणीस लाखांचा हिशेब पहिल्या पावतीपासून वाचायला घेतला. यंत्राची किंमत ऐकून बायकांनी तोंडावर पदर घेतले. मग जेवणाची बिलं आली. पहिलं बिल त्यांनी वाचलं, दुसऱ्याला ते थांबले. त्यांनी फाईल मांडीवर ठेवली.

"मी वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना उभं करायचो," ते म्हणाले. "ही चौदा बिलं खोटी आहेत. मी लिहून घेतली."

मग लंकाबाईनं विचारलं की पैसे कमी पडत होते तर आम्हाला का नाही सांगितलं. गुरुजी म्हणाले, गरिबांकडं कसं मागायचं. त्यावर ती जे बोलली ते नूतननं नंतर वाव्हळ सरांना जसंच्या तसं सांगितलं.

"गुर्जी, आमी गरीब हाये, पावणं न्हाई. किलोमागं दोन रुपं सडनावळ लावली असती तर कोन मेलं असतं का? तुमी पाटी लावली दारावर, आन् ती पाटी राखायला आमच्या नावानं जेवनं घातली."

सडणावळीवर मग तासभर चर्चा झाली. कुणी एक रुपया म्हणालं, कुणी तीन. शेवटी दोनवर ठरलं. त्यातून वृषालीचं आणि बेरिंग-पट्ट्यांचं भागवायचं, वही प्रत्येक वाडीत ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांपुढं वाचायची. प्रयागबाईनं मध्येच विचारलं की चौदापैकी एक तरी जेवण खरं होईल का, तेव्हा कुठं लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी नूतनला हळूच विचारलं की अहवालात हे सगळं लिहिणार का. ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि जीपकडे गेले.

अहवालाचा फॉर्म कंपनीनंच दिलेला होता. त्यात चौकोन होते. पैसे ठरल्या कामावर खर्च झाले का : होय, नाही. पावत्या खऱ्या आहेत का : होय, नाही. वाव्हळ सरांचं म्हणणं पडलं की 'किरकोळ त्रुटी' असं लिहून मोकळं व्हावं, चांगली संस्था आहे, माणूस सज्जन आहे. नूतननं दोन दिवस घेतले. माणूस सज्जन आहे हे तिलाही दिसत होतं. पण आज तिनं सज्जन माणसाची खोटी बिलं पास केली तर उद्या दुसऱ्या कुणाची नापास कोणत्या आधारावर करणार, हा प्रश्न काही सुटेना. आणि लंकाबाईपुढं पुन्हा कधी उभं राहायची वेळ आली असती तर तिला 'किरकोळ' हा शब्द वाचून दाखवता आला नसता.

तिनं चौकोनात 'नाही' लिहिलं आणि स्वतःची चार पानं जोडली. चौदा बिलं खोटी आहेत. त्या पैशातून मेकॅनिकचा पगार आणि डिझेल झालं आहे, याची खात्री सातही वाड्यांतल्या बायकांकडून केली आहे. सातपैकी सहा यंत्रं चालू आहेत, ती त्या मेकॅनिकमुळेच. खरा चालवण्याचा खर्च दोन टक्के नसून साडेपाच टक्के आहे, आणि हे काम पुढं चालायचं तर तो वाढायला हवा. शेवटी तिनं लिहिलं की मूळ अर्जातला पगार कंपनीनं खोडला नसता तर ही बिलं लिहायची वेळ आली नसती. सरांनी ते शेवटचं वाक्य तीनदा वाचलं, कंपनी पुन्हा काम देणार नाही असं म्हणाले आणि सही केली.

व्हायचं ते झालं. कंपनीत हा विभाग सांभाळणाऱ्या आरती मॅडमचा फोन आला. त्या चिडलेल्या होत्या. आधी गुरुजींवर, मग शेवटच्या वाक्यावर. सव्वीस जानेवारीचा सत्कार रद्द झाला. अकरा लाख थांबले. घोडेगावात कुणीतरी गुरुजींनी पैसे खाल्ल्याची आवई उठवली. ती डोंगरात पोचली तेव्हा लंकाबाई आणि दहा-बारा जणी एसटीनं थेट घोडेगावला उतरल्या. बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीपुढं उभं राहून त्यांनी चौदा बिलांचे पैसे कुठं गेले ते सांगत ज्याला त्याला सडणावळीची वही दाखवली. आवई तिथंच विरली.

गुरुजींना मात्र पुढचे चार महिने जड गेले. त्यांनी दारावरची पाटी काढली. सह्यांचा अधिकार सोडला आणि कंपनीला स्वतःच्या हातानं दोन पानी कबुली लिहून पाठवली. नूतननं एकदा फोन केला तेव्हा ते नीट बोलले, पण थोडकंच. तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, शाळेत असताना शिक्षा झालेली पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात कशी येत असतील याचा मी कधी विचारच केला नव्हता.

यंत्रं चालू राहिली. दोन रुपये किलोनं वृषालीला पहिल्या महिन्यात बावीसशेच मिळाले, दुसऱ्यात एकतीसशे. तिनं काम सोडलं नाही. बेरिंग आलं, तिनं बसवलं, सातवं यंत्रही सुरू झालं.

मे महिन्यात आरती मॅडम स्वतः आल्या. अहवाल घेऊन सात वाड्या फिरल्या, यंत्रापाशी बसल्या, गेणभाऊकडून बिबट्याच्या गोष्टी ऐकल्या. त्यांच्या वरिष्ठांशी त्यांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. अकराऐवजी सात लाख मंजूर झाले, पण त्यात मेकॅनिकचा पगार महिना नऊ हजार असा वेगळा लिहिलेला होता आणि डिझेलही खऱ्या खर्चाइतकं. अट एकच, तिमाही वाचन चुकायचं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या वाचनाला नूतनला बोलावणं आलं. यावेळी ते आहुप्याच्या बाजूच्या एका वाडीत होतं, जिथं ती आधी गेलेली नव्हती. पेरणीच्या गडबडीतही माणसं जमली होती. आता हिशेब वृषाली वाचत होती आणि गुरुजी मागे भिंतीला टेकून ऐकत होते. एका बेरजेला त्यांनी हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. सात रुपयांचा फरक होता. तो सापडेपर्यंत सगळे थांबले.

वाचन संपल्यावर सोनीबाई नावाची एक तरुण बाई उठली. तिनं नूतनकडे बोट केलं आणि वृषालीला विचारलं की ह्या बाई तपासायला आल्या होत्या, त्यांना कुणी पैसे दिले आणि किती, ते वहीत का नाही.

सगळ्यांनी नूतनकडे पाहिलं. तिला हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. ते पैसे कंपनीनं वेगळे दिले होते, डोंगरओंजळच्या हिशेबात ते येतच नाहीत, असं ती सांगू लागली आणि मध्येच थांबली.

"साठ हजार," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसला मिळाले. अकरा दिवसांचं काम होतं."

वृषालीच्या गेल्या वर्षाच्या पगारापेक्षा ते बारा हजारांनी जास्त होते, हे गणित अंगणातल्या बऱ्याच जणींनी तिच्याआधीच केलं. कुजबुज झाली. सोनीबाई रागावली नव्हती, तिला फक्त आकडा हवा होता. तो मिळाल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "लिवा मग त्येबी. डोंगराच्या नावानंच आल्यात ना."

वृषालीनं पेन उघडलं आणि वही नूतनपुढं सरकवली. नूतननं स्वतःच्या अक्षरात रक्कम लिहिली, तारीख टाकली आणि सही केली.